निकामी बोअर बंद करून देणारी निपाणी भागातील सेवा : काम पाहून लिहिलेला अभिप्राय

निपाणी, चिकोडी, हुक्केरी आणि रायबाग या पट्ट्यात पाणी न लागलेली किंवा आटून गेलेली बोअर रीतसर भरून बंद करून देण्याचे काम निपाणीजवळचे दोघे भाऊ करतात. त्यांचे दुकान नाही आणि गाडीवर फलकही नाही. पाईपच्या दुकानात किंवा मोटर ओढणाऱ्या कोणत्याही मिस्त्रीकडे चौकशी केली, की त्यांच्यापर्यंत पोहोचता येते. त्यांचा मूळ धंदा सबमर्सिबल मोटर काढण्या-सोडण्याचा, आणि बोअर बंद करण्याचे काम त्यांनी त्यालाच जोडून घेतले आहे. ऊस तुटून रान मोकळे झाल्यावर आमच्या शेतातील चारशे फुटी कोरडी बोअर मी त्यांच्याकडून बंद करून घेतली आणि काम सुरू असताना पूर्ण वेळ तेथे उभा राहिलो. तोंडावर फरशी ठेवून किंवा खताचे पोते कोंबून बोअर 'बंद' करण्याची जी सर्रास रीत आपल्याकडे आहे, तिच्यापेक्षा हे काम कितीतरी वेगळे आहे. मात्र त्यात काही उणिवाही आहेत, आणि पैसे देणाऱ्याने त्या आधीच माहीत करून घ्यायला हव्यात.

माझी नोकरी गुजरातेतील अंकलेश्वर भागात, तेलविहिरींच्या सिमेंटिंगच्या कामावर झाली. त्या भागात 1960 साली तेल सापडले. तेलविहीर बंद करणे हे ती खोदण्याइतकेच जबाबदारीचे काम मानले जाते, आणि त्याचे कारण जमिनीच्या रचनेतच आहे. जमिनीखाली एकावर एक थर असतात. कोणात गोडे पाणी, कोणात खारे पाणी, कोणात वायू, कोणात तेल, आणि प्रत्येकातला दाब निराळा. निसर्गाने हे थर एकमेकांपासून वेगळे ठेवलेले असतात. विहीर खोदली की ते सगळे एका उभ्या छिद्राने जोडले जातात, आणि त्यानंतर त्यांना वेगळे ठेवणारे फक्त दोनच घटक उरतात : केसिंग, म्हणजे छिद्रात बसवलेला लोखंडी पाईप, आणि त्याच्या बाहेर भरलेले सिमेंट. काळाच्या ओघात लोखंड गंजते, सिमेंटला तडे जातात, आणि खालचा वायू, खारे पाणी किंवा तेलाचे अंश त्या वाटेने गोड्या पाण्याच्या थरात किंवा थेट हवेत येतात. म्हणून तेलविहीर सोडून देताना तेलाच्या थरासमोर, केसिंगच्या टोकाशी आणि जमिनीजवळ सिमेंटचे बूच बसवतात, ते घट्ट झाले की नाही हे वजन टाकून आणि दाब देऊन तपासतात, आणि मगच जमिनीखाली केसिंग कापून त्यावर पत्रा वेल्ड करतात.

हे न केल्यास काय होते याची उदाहरणे परदेशात भरपूर आहेत. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात 1859 साली एडविन ड्रेक याने खोदलेल्या विहिरीला तेल लागले आणि त्यानंतरच्या दशकांत तेथे वाटेल तशा विहिरी खोदल्या गेल्या. संपलेल्या विहिरींत झाडांचे बुंधे आणि दगड ठोकून लोक पुढे निघून गेले. लाकूड कुजले, नोंदी हरवल्या, आणि आज कित्येक विहिरी नेमक्या कोठे आहेत हेही कोणाला सांगता येत नाही. त्या देशात सोडून दिलेल्या तेल-वायू विहिरींची संख्या 30 लाखांहून अधिक असल्याचा तेथील पर्यावरण संस्थेचा अंदाज आहे. त्यांतील अनेकींमधून मिथेन गळतो, आणि मिथेन हा वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा ऐंशी पटींहून अधिक उष्णता अडवून धरतो. मालकच न उरलेल्या अशा विहिरी बंद करण्यासाठी तेथील सरकारला 2021 च्या कायद्यात 4.7 अब्ज डॉलरची तरतूद करावी लागली.

आपल्या शेतकऱ्यांना अधिक जवळचे वाटेल असे उदाहरण टेक्सासमधील पेकोस परगण्यातले आहे. तेथे तेलासाठी खोदलेल्या काही विहिरींना तेलाऐवजी पाणी लागले, म्हणून त्या शेतीच्या सिंचनासाठी जमीनमालकांच्या हवाली करण्यात आल्या. पुढे शेती मागे पडली आणि विहिरी गंजत राहिल्या. त्यांतून आपोआप वर येणाऱ्या खारट, गंधकाच्या वासाच्या पाण्याचे इम्पिरियल गावाजवळ सुमारे 60 एकरांचे तळे झाले आहे आणि त्याच्या आसपास काही उगवत नाही. या विहिरी तेलाच्या समजायच्या की पाण्याच्या, आणि त्या बंद करण्याचा खर्च सरकारी खात्याने करायचा की जमीनमालकाने, यावर तेथे वाद चालत आला आहे.

आपल्या भागात तेल नाही आणि वायूही नाही. चिकोडी-निपाणीकडे वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली लाव्हाचे एकावर एक बसलेले काळ्या दगडाचे थर आहेत. त्यांच्यामध्ये कोठे सच्छिद्र दगड, तर कोठे तांबड्या मातीचा पट्टा लागतो. त्यामुळे बोअरमधून मिथेन गळण्याची भीती येथे बाळगण्याचे कारण नाही. परंतु थर जोडले जाण्याचा दोष मात्र तोच आहे. वरच्या मुरमातले पाणी उसाला दिलेल्या युरियाचे, तणनाशकाचे आणि उकिरड्याच्या निचऱ्याचे अंश घेऊन उघड्या बोअरमधून सरळ खालच्या भेगांत उतरते, आणि एरवी मातीतून व दगडातून झिरपताना त्याची जी गाळणी झाली असती ती होतच नाही. काही घरांचे सांडपाणीही पडीक बोअरमध्ये सोडलेले मी पाहिले आहे; त्या खालच्या भेगांतलेच पाणी शेजारची चालू बोअर ओढते आणि ते नळाने घरात येते. याच्या उलट नुकसानही होते. मुरमातले पाणी खाली निसटत राहिल्याने आसपासच्या जुन्या बांधीव विहिरींची पातळी उतरते, आणि आपली विहीर का आटली याचे कारण मालकाला शेजारच्या बांधावरच्या भोकात शोधावे असे वाटतही नाही.

या भावांच्या कामातील सर्वांत चांगला भाग म्हणजे ते भरण्याआधी पाहतात. पहिल्याच दिवशी त्यांनी दिवा लावलेला कॅमेरा केबलने बोअरमध्ये सोडला आणि लहान पडद्यावर आम्हाला सगळे दाखवले. केसिंग 38 फुटांवर संपत होते. त्याच्या एका सांध्यातून, ऐन उन्हाळ्यात, पाण्याची बारीक धार आत येऊन दगडावरून खाली ओघळत होती; वरचा थर खालच्या थरात कसा रिकामा होतो हे इतक्या स्पष्टपणे मी तरी यापूर्वी शेतकऱ्याला कोणी दाखवलेले पाहिले नव्हते. त्याखाली गुळगुळीत काळा दगड, मध्येच गाठाळ सच्छिद्र पट्टा, आणि 210 फुटांच्या आसपास प्लास्टिकच्या दोरीचा गुंता व त्यात अडकलेला एक धोंडा. कॅमेरा न सोडता वरून खडी ओतली असती, तर ती त्या धोंड्यावरच थांबली असती आणि खालची जवळजवळ निम्मी बोअर पोकळ राहिली असती. थोरल्या भावाने लोखंडी गळ सोडून तो गुंता ओढून काढला, नंतर ब्लीचिंग पावडर टाकली आणि मगच भराव सुरू केला.

भरावासाठी त्यांनी धुतलेली बारीक खडी वापरली आणि ती घमेल्याने थोडी थोडी सोडली. ठराविक घमेली झाली की दोरीला वजन बांधून खोली मोजायची आणि मगच पुढची घमेली, असा क्रम त्यांनी शेवटपर्यंत मोडला नाही. "गडबडीनं ओतलं की मधीच अडकतंय बघा, काका. वरनं भरल्यागत दिसतंय, खाली पोकळच," असे थोरल्याने सांगितले, आणि ते शब्दशः खरे आहे. याचा पडताळा कोणालाही घेता येतो. साडेसहा इंची बोअरमध्ये दर फुटाला साधारण 0.23 घनफूट माल बसतो, म्हणजे चारशे फुटांना सुमारे 92 घनफूट, एका ब्रासला (100 घनफुटांना) थोडे कमी. आपल्या बोअरच्या खोलीप्रमाणे हा हिशेब करून ठेवावा. त्यापेक्षा बराच कमी माल जाऊन बोअर वरपर्यंत भरली, तर मध्ये कोठेतरी पोकळी राहिली आहे असे निश्चित समजावे.

केवळ खडीने भरलेली बोअर माणसासाठी सुरक्षित असते, पण पाण्यासाठी ती उघडीच राहते, कारण खडीच्या फटींतून पाणी वर-खाली जातच असते. म्हणून पाण्याच्या भेगांच्या मध्ये न पाझरणारा थर हवा. तेलक्षेत्रात आम्ही त्यासाठी सिमेंट वापरायचो. या भावांनी काळ्या मातीचे वाळवलेले गोळे आणले होते. ते पाहून मला मनापासून आनंद झाला. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. विहीर खोदताना जो बेन्टोनाइट वापरतात तो याच जातीच्या फुगणाऱ्या खनिजाचा असतो. सच्छिद्र पट्ट्याच्या खाली आणि वर त्यांनी या गोळ्यांचे थर दिले, वर पाणी सोडून ते फुगू दिले, आणि पुन्हा खडी टाकली. तरीही माझे मत असे आहे, की ज्यांची बोअर पिण्याच्या पाण्याच्या विहिरीजवळ असेल त्यांनी मातीच्या गोळ्यांवर न थांबता तेथे सिमेंटच मागावे, कारण काळी माती पुन्हा कोरडी पडली तर आक्रसते.

शेवटच्या 50 फुटांत त्यांनी सिमेंटचा राळा, म्हणजे सिमेंट आणि पाण्याचे पातळ मिश्रण, भरला. तो वरून न ओतता, इंची पाईप खालपर्यंत सोडून तळापासून वर चढवत आणला, म्हणजे आतले पाणी वर ढकलले जाते आणि सिमेंट विरळ होत नाही. ही पद्धत अगदी बरोबर आहे, आणि केसिंगच्या 38 फुटांवरच्या टोकाखाली पुरेसे उतरून तेथून वर येणे हेही बरोबरच. पहिली त्रुटी मात्र येथेच दिसली. धाकटा भाऊ राळ्यात बादलीने, नजरेच्या अंदाजाने पाणी घालत होता. सिमेंटच्या 50 किलोच्या पोत्याला 22 ते 23 लिटर पाणी पुरते आणि त्यातून 38-39 लिटर राळा तयार होतो. या प्रमाणाने 50 फुटांना साधारण साडेआठ पोती लागतात. पाणी वाढवले की राळा सहज वाहतो आणि पोतीही कमी लागतात, पण घट्ट झाल्यावर तो आक्रसतो आणि केसिंगपासून सुटतो, म्हणजे ज्या फटीसाठी हा खटाटोप करायचा तीच फट पुन्हा तयार होते. मी प्रमाण सांगितल्यावर त्यांनी लगेच मापाचा डबा आणला आणि पुढचे काम तसेच केले. ऐकून घेण्याची ही तयारी मला फार मोलाची वाटते. तरीही गिऱ्हाईक शेजारी उभे नसेल तेव्हा काय होत असेल, याची काळजी वाटल्याशिवाय राहत नाही.

दुसरी त्रुटी अधिक गंभीर आहे. केसिंगच्या आतले त्यांनी उत्तम भरले, परंतु केसिंगच्या बाहेर, पाईप आणि माती यांच्यामध्ये जी पोकळी असते तिचा विचार त्यांच्या नेहमीच्या कामात नाही. बोअर मारणाऱ्या गाड्या, त्यांतल्या पुष्कळशा तमिळनाडूतील तिरुचेंगोडहून येतात, केसिंग बसवून बाहेरून मातीच लोटतात, आणि पावसाचे पाणी पाईपाच्या कडेने खाली जात राहते. जुन्या तेलविहिरींच्या गळतीत हीच बाहेरची वाट कित्येकदा मुख्य असते. मी आग्रह धरल्यावर त्यांनी तोंडाभोवती हात-दीड हात रुंद आणि कमरेइतका खोल खड्डा घेतला, केसिंग खालून कापले, आणि खड्डा काँक्रीटने भरला. त्याचे वेगळे पैसे त्यांनी घेतले आणि ते वाजवी होते, पण हा भाग मूळ कामातच धरला जायला हवा.

त्यांच्याकडे आणखी एक, स्वस्त पर्याय मिळतो : बोअर न भरता तिच्या तोंडाशी खडी-वाळूचा खड्डा करून पावसाचे पाणी आत मुरवायचे. घराच्या छतावरचे स्वच्छ पाणी नीट गाळून सोडणार असाल, तर तो विचार चांगला आहे. उसाच्या रानातले वाहते पाणी मात्र कधीही सोडू नये, कारण दगड-वाळूच्या खड्ड्यात गाळ अडतो, पाण्यात विरघळलेले नायट्रेट आणि तणनाशक अडत नाही. हा फरक भाऊ गिऱ्हाइकाला आपणहून सांगत नाहीत, आणि त्यांनी तो सांगितलाच पाहिजे.

कागदपत्रांच्या बाबतीत काम निम्मे झाले असे म्हणेन. सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली दिलेल्या निर्देशांप्रमाणे सोडून दिलेली बोअर माती, वाळू, दगडगोटे यांनी तळापासून जमिनीपर्यंत भरणे आवश्यक आहे, आणि चालू बोअरभोवती 0.50 × 0.50 × 0.60 मीटरचा सिमेंटचा ओटा व तोंडावर घट्ट झाकण असणेही आवश्यक आहे. तरीही एप्रिल 2017 मध्ये आपल्याच बेळगाव जिल्ह्यात, अथणी तालुक्यातील झुंजरवाड येथे, सहा वर्षांची मुलगी उघड्या बोअरमध्ये पडली आणि दोन दिवसांहून अधिक काळ शर्थ करूनही तिला वाचवता आले नाही. एप्रिल 2024 मध्ये विजयपूर जिल्ह्यातील लच्याण येथे पडलेले जेमतेम दोन वर्षांचे बाळ सुमारे वीस तासांनी जिवंत बाहेर आले, आणि त्याच वर्षी कर्नाटकाने भूजल कायद्यात दुरुस्ती करून बोअर उघडी सोडणाऱ्यांना शिक्षेची तरतूद केली. त्यामुळे बोअर बंद केल्याचा पुरावा जमीनमालकाजवळ असणे आता त्याच्याच हिताचे आहे. भावांनी पंचायतीत पीडीओंकडे (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे) देण्यासाठी कन्नडमध्ये एक पान लिहून दिले. त्यात बोअरची खोली, तारीख आणि वापरलेला माल आहे, फोटोही जोडले आहेत. नव्हते ते फक्त ठिकाण. सर्व्हे नंबर आणि बांधाच्या दोन दगडांपासूनची अंतरे मी लिहून घेतली. जमीन उद्या विकली गेली, वाटण्या झाल्या, तेथे घर उभे राहिले, तरी खाली काय आहे आणि कशाने भरले आहे हे पुढच्या माणसाला कळले पाहिजे. पेनसिल्व्हेनियात सर्वांत महाग पडली ती ही न ठेवलेली नोंदच.

कॅमेरा, खडी, सिमेंट, मजुरी आणि बाहेरच्या खड्ड्याचे काम धरून मला सुमारे 22,000 रुपये खर्च आला. आजूबाजूला दोन-तीन हजारांत ट्रॉलीभर मुरूम लोटून देणारे मिळतात, आणि ज्या शेतकऱ्याचे पैसे पाणी न लागलेल्या बोअरमध्ये आधीच बुडाले आहेत त्याला पुन्हा इतका खर्च करायला सांगणे जड जाते, याची मला पूर्ण जाणीव आहे. तरीही ज्यांच्या बोअरच्या जवळ पिण्याची विहीर, गोठा किंवा घर आहे, त्यांनी हा खर्च करावा असे मी निःसंकोच सांगेन. काम ठरवताना चार गोष्टी आधीच बोलून घ्याव्यात : कॅमेऱ्याचे चित्रीकरण मोबाईलवर मिळावे, राळ्याचे पाणी मापाने घ्यावे, केसिंगच्या बाहेरचा खड्डा ठरलेल्या दरातच यावा, आणि कागदावर ठिकाण लिहावे. ऊस तुटल्यानंतर ते पहिल्या वळवापर्यंत त्यांना वेळ असतो. एकदा पाऊस लागला की रानात गाडी जात नाही आणि बोअरमध्ये पाणी चढल्याने खडी नीट बसत नाही.

आमच्या रानात दुसरी एक निकामी बोअर आहे आणि तिच्यात जुनी, तेल भरलेली मोटर अडकून बसली आहे. ती निघणार नाही, तिच्यावरूनच भराव करू, असे भावांनी प्रथम सांगितले. मोटरमधले तेल आणि केबल कायमची पाण्याच्या थरात गाडून टाकण्यास मी नकार दिला. त्यावर त्यांनी उगाच ओढाताण करून पाईप तोडला नाही. आपल्या साधनाने हे होणार नाही असे सरळ कबूल केले आणि मोठी यंत्र-कप्पी असलेल्या चिकोडीच्या माणसाकडून आधी मोटर काढून घेण्याचा सल्ला दिला. मोटर निघाली की भरावाचे काम याच दोघांकडे द्यायचे ठरले आहे, बाहेरच्या खड्ड्यासकट, एकाच दरात.